खेळाडू तरुणाची ओळख आणि ख्रिस्ती श्रद्धा

तरुण खेळाडूच्या स्वतःविषयीच्या कल्पनेला दोन आधार असतात : त्याचे शरीर आणि त्याचे निकाल. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या शिराळा तालुक्यात हे स्पष्ट दिसते. वारणा आणि मोरणा नद्यांच्या या मुलखात तालमीत जाणाऱ्या मुलाला गाव नावाऐवजी ‘पैलवान’ म्हणूनच हाक मारते. त्याचा खुराक, त्याची झोप, त्याचे मित्र, घरातल्या दुधातुपाची वाटणी सगळे त्या हाकेभोवती फिरते. कुस्ती ज्याला जमत नाही तो कबड्डीच्या संघात जातो किंवा पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. १६०० मीटरची त्याची वेळ हीच पोलीस भरतीपर्यंत त्याची किंमत ठरते. असा मुलगा एके दिवशी चितपट झाला, गुडघा दुखावून बसला किंवा भरतीच्या यादीत राहून गेला, की प्रश्न नुसत्या हरण्याचा राहत नाही. आपण आता कोण उरलो, हे त्याला कळेनासे होते. ख्रिस्ती श्रद्धेने या प्रश्नाला दिलेले उत्तर या मुलखातल्या खेळाडूंपुढे कोणत्या रूपात येते, हा येथील विषय आहे.

ख्रिस्ती विचारात माणसाची ओळख कमावलेली नसते, मिळालेली असते. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार मनुष्य देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला. त्याने पुढे काय केले, काय जिंकले, याआधीची ही गोष्ट आहे. शुभवर्तमानांत याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द येशूचे आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन तो वर येतो तेव्हा आकाशवाणी होते आणि त्याला प्रिय पुत्र म्हटले जाते. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या कथनात तोवर त्याने एकही चमत्कार केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. पसंती आधी आणि काम नंतर असा हा क्रम आहे. प्रेषित पौलाने याच क्रमावर कृपेचा सिद्धांत उभा केला : माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या कर्तबगारीवर नव्हे, ख्रिस्तावरील विश्वासाने. खेळाच्या जगाचा क्रम नेमका उलटा आहे. तिथे आधी कामगिरी आणि मग नाव. म्हणून खेळाडूला कृपेची शिकवण कानाला गोड लागली तरी अंगी मुरायला फार वेळ लागतो. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्याला फुकट मिळालेल्या गोष्टीवर भरवसा ठेवणे अवघड जाते, आणि ही अडचण खरी आहे हे मान्य केले पाहिजे.

असे असूनही नव्या करारात खेळाची उदाहरणे मुबलक आहेत. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायाच्या शेवटी, पौल धावपटू आणि मुष्टियोद्धा यांची उदाहरणे घेतो. तिथल्या विजेत्याला पानांचा मुकुट मिळे आणि तो काही दिवसांत वाळून जाई. पौल शिस्तीची टिंगल करत नाही. खेळाडूचा संयम त्याला अनुकरणीय वाटतो. हा संयम कोणत्या मुकुटासाठी, एवढाच त्याचा सवाल आहे. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे तो सांगतो. शरीराला हलके लेखणाऱ्या धार्मिकतेला ख्रिस्ती विचारात इथेच अटकाव होतो, आणि शरीरालाच देव मानणाऱ्या व्यायामशाळेलाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग मान्य केला आहे, मात्र मर्यादित म्हणून. वजन गटात बसण्यासाठी पाणी तोडणारा आणि ताकदीसाठी कुणी दिलेली सुई टोचून घेणारा तरुण यांना या शिकवणुकीचा व्यावहारिक अर्थ लगेच कळावा. मंदिर म्हटल्यावर ते मोडून जिंकण्याची मुभा उरत नाही.

शिराळ्याच्या आसपास ही शिकवण आली ती एकोणिसाव्या शतकात, अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर. रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले आणि तिथल्या मिशनचा पाया पडला. पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे मिशन हॉस्पिटल उघडले. सांगली, इस्लामपूर आणि वारणेपलीकडचे कोडोली इथेही मिशनची ठाणी झाली. इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील बरीच कुटुंबे गावकुसाबाहेरच्या जातींतून आली. त्यांच्यासाठी ओळखीचा प्रश्न खेळाच्याही आधीचा होता. गावाने दिलेली ओळख अपमानाची होती आणि देवाच्या प्रतिमेची गोष्ट ही मुक्तीची बातमी होती. पण कागदाने वेगळीच अडचण उभी केली. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. भरतीचा अर्ज भरताना जात आणि धर्म यांचे रकाने समोर येतात, तेव्हा ख्रिस्ती तरुणाला आपण कोण हा प्रश्न अध्यात्माच्या भाषेत पडत नाही. तो फार रोखठोक पडतो. श्रद्धेतून मिळालेल्या ओळखीची चर्चा करताना हा रकाना विसरणे अन्यायाचे होईल.

मिशनच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतून आणखी एक विचार आला. मैदानावर चारित्र्य घडते आणि बळकट शरीर हे चांगल्या ख्रिस्ती माणसाचे लक्षण, असा तो विचार होता. थॉमस ह्यूजेस यांच्या १८५७ च्या शालेय कादंबरीने त्याला लोकप्रियता दिली आणि वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने त्याला संस्थेचे रूप दिले. बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलीबॉल (१८९५) हे दोन्ही खेळ वायएमसीएच्या शिक्षकांनी शोधले. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला सुरू केलेले शारीरिक शिक्षणाचे विद्यालय भारतातल्या खेळशिक्षणाचा मोठा आधार ठरले. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तरीही तिच्यात एक दोष होता : बळ हेच सद्गुण ठरले, आणि जो दुबळा, आजारी किंवा हरलेला त्याला श्रद्धेतही दुय्यम जागा मिळाली. क्रुसावर हरलेल्या दिसणाऱ्या ख्रिस्ताचा धर्म असा होऊ शकत नाही.

सांगलीने या विषयाला दिलेले सर्वांत मोठे नाव क्रिकेटपटू विजय सॅम्युएल हजारे यांचे. ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात, एका शाळामास्तरांच्या आठ मुलांपैकी एक म्हणून त्यांचा जन्म झाला. १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्रासाठी बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. पण त्या काळी मुंबईतली सर्वांत गर्दीची स्पर्धा धर्मवार संघांची होती. युरोपियन, हिंदू, पारशी, मुस्लिम आणि १९३७ पासून पाचवा ‘द रेस्ट’, म्हणजे पहिल्या चारांत न बसणारे ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध वगैरे. हजारे या पाचव्या संघातून खेळत. म्हणजे मैदानावर त्यांचा धर्म ही एक गटवारी होती, आणि तीसुद्धा उरलेल्यांची. गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये अशा जातीय सामन्यांना उघड विरोध केला आणि १९४५-४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली.

डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. द रेस्टचा पहिला डाव १३३ वर संपला. फॉलोऑननंतर ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. त्यांचा भाऊ विवेक याने २१ धावा करीत दुसरे टोक धरून ठेवले आणि दोघांची भागीदारी ३०० धावांची झाली. तरी सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. पुढे जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. हाही सामना भारत एका डावाने हरला. १९५२ मध्ये कर्णधार म्हणून त्यांनी फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडवर भारताचा पहिला कसोटी विजय पाहिला आणि जूनमध्ये लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झालेलेही पाहिले. त्या सामन्यात त्यांच्या स्वतःच्या धावा होत्या ८९ आणि ५६.

या आकड्यांतून हजारेंच्या श्रद्धेविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण विषयाच्या दृष्टीने या आकड्यांचे मोल मोठे आहे. निकाल हेच माणसाचे माप असेल तर ३०९ ची खेळी पराभवाच्या खात्यात जाते आणि संपते. तसे कुणीच मानत नाही. खेळाच्या जाणकारालाही निकालाच्या पलीकडचे काहीतरी दिसते, आणि कृपेची शिकवण याच जाणिवेला शेवटपर्यंत नेते. माणसाची किंमत त्याच्या उत्तम खेळीतही मावत नाही, असे ती म्हणते. दुसरी गोष्ट गटवारीची. धर्माच्या नावाने बनलेला संघ आणि धर्मातून मिळालेली ओळख या वेगळ्या वस्तू आहेत. संघाला प्रतिस्पर्धी लागतो, श्रद्धेतल्या ओळखीला लागत नाही. शिराळ्याच्या शाळेत ‘ख्रिश्चन पोरगा’ म्हणून ओळखला जाणारा मुलगा पहिल्या प्रकारची ओळख जन्मतः घेऊन येतो. दुसरी त्याला स्वतः स्वीकारावी लागते, आणि बऱ्याच मंडळ्यांत दृढीकरणाचा विधी याचसाठी आहे. पुण्यात १९३४ मध्ये जन्मलेले चंदू बोर्डे हेही मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. ते ५५ कसोटी खेळले आणि १९६७ मध्ये ॲडलेडला एका सामन्यात भारताचे कर्णधार होते. त्यांच्या काळी धर्मवार संघ उरले नव्हते. ते सहज महाराष्ट्राचे आणि भारताचे खेळाडू झाले.

क्रिकेटपेक्षा शिराळ्यात हा प्रश्न जिथे खरा अडतो ती जागा म्हणजे तालीम. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे, आणि मारुती हे तर तालमीचे दैवतच. आत पाऊल टाकताना माती कपाळाला लावायची, वस्तादांच्या पाया पडायचे, शनिवारी मारुतीपुढे नारळ फुटतो त्याचा प्रसाद घ्यायचा, जत्रेच्या मैदानात देवाच्या नावाने कुस्ती लागते ती खेळायची. ख्रिस्ती घरातल्या मुलाने यातले काय करावे? नवलाची गोष्ट अशी की खेळाडूची उदाहरणे देणारे पौलाचे तेच पत्र याही प्रश्नाला हात घालते. करिंथमध्ये मूर्तीला वाहिलेले मांस बाजारात विकले जाई, आणि ख्रिस्ती माणसाने ते खावे की नाही यावर मंडळीत दोन तट होते. आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौल सरसकट बंदी घालत नाही आणि सरसकट मोकळीकही देत नाही. मूर्तीच्या पूजेत भाग घेणे त्याला अमान्य आहे. बाजारातले मांस चौकशी न करता खाण्यास हरकत नाही, पण आपल्या मोकळेपणामुळे दुसऱ्या कमजोर विवेकाच्या माणसाला ठेच लागत असेल तर स्वतःहून आवरावे.

याच कसोटीवर आजही मते वेगळी पडतात. काही घरे मुलाला तालमीतच पाठवत नाहीत. काही पाठवतात, पण आरतीच्या वेळी तो बाजूला उभा राहतो. काहींना माती कपाळाला लावण्यात गैर वाटत नाही. ज्या मातीत घाम गाळायचा तिचा आणि विद्या देणाऱ्या वस्तादाचा तो मान आहे असे ते समजतात. पौलाच्या युक्तिवादाशी हे तिसरे मत सर्वांत जुळते. मान आणि पूजा यांत फरक आहे, आणि आईवडिलांच्या पाया पडणारा मराठी ख्रिस्ती मुलगा तो फरक रोज जगतो. तालमींनाही वेगळ्या धर्माचा मल्ल नवा नाही. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात पंजाबचे मुस्लिम मल्ल येत, राहत आणि मानाने कुस्त्या करत. समजूतदार वस्ताद पोराची पकड बघतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एकीकडून पाळकाने आणि दुसरीकडून तालमीने दरडावणे मात्र चुकीचे आहे. जी ओळख दरडावून टिकवावी लागते ती त्याची स्वतःची झालेली नसते.

रविवारचा पेच त्यामानाने साधा आहे, पण दर मोसमात येतो. शालेय निवड चाचण्या, मॅरेथॉन, कबड्डीचे सामने बहुतेक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे उपासनेच्याच वेळेला असतात. स्कॉटलंडचा एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून धावला नाही. त्याने ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकले. ही गोष्ट मंडळ्यांत आवडीने सांगितली जाते, मात्र बहुधा पदकाशी थांबते. लिडेल पुढच्याच वर्षी मिशनरी म्हणून चीनला गेला आणि २१ फेब्रुवारी १९४५ रोजी जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारला. रविवार पाळला म्हणून देवाने सुवर्ण दिले असा तिचा अर्थ लावणाऱ्याला छावणीतल्या मृत्यूचा अर्थ लावता येणार नाही. नीट पाहिले तर लिडेलला पदकाची गरज नव्हती, म्हणून तो ते सोडायला तयार झाला. रविवारी धावणारा ख्रिस्ती खेळाडू कमी श्रद्धावान ठरत नाही. आपण काय सोडू शकतो हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे, एवढेच.

यातूनच प्रार्थनेचा प्रश्न निघतो. विश्वास ठेव, म्हणजे जिंकशील, असा उपदेश अलीकडे काही सभांतून ऐकू येतो. तो खेळाडूसाठी घातक आहे. दोन्ही बाजूंचे खेळाडू प्रार्थना करतात आणि एकच जिंकतो. मग हरलेल्याने आपल्या विश्वासात खोट होती असे मानायचे का? ईयोबाचे पुस्तक याच समजुतीविरुद्ध उभे आहे. दुःख हे पापाचेच फळ असे बजावणारे ईयोबाचे मित्र शेवटी देवाकडून दोषी ठरतात. पौलानेही आपल्या शरीरातला काटा काढावा अशी तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. सामन्याआधीच्या प्रार्थनेत धैर्य मागावे, प्रामाणिकपणा मागावा, समोरच्याला इजा होऊ नये असे मागावे. जिंकण्याची इच्छा देवाला सांगण्यातही चूक नाही, फक्त निकालावरून त्याचे प्रेम मोजू नये.

मानसशास्त्राने हा धोका वेगळ्या मार्गाने ओळखला आहे. एरिक एरिक्सन यांनी तारुण्याचे मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख घडवणे असे मांडले. ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये खेळाडू म्हणूनच्या ओळखीचे मोजमाप सुचवले. जो तरुण इतर काही आजमावण्याआधीच स्वतःला फक्त खेळाडू ठरवून टाकतो त्याला दुखापत किंवा निवृत्ती जास्त जड जाते, असे या क्षेत्रातल्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. या भागाला उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. देशाच्या कौतुकावर कुणाच्याही आयुष्याचा भार टाकता येत नाही, हे सांगायला आणखी पुरावा नको. ख्रिस्ती श्रद्धा मानसशास्त्राच्या सल्ल्याच्या एक पाऊल पुढे जाते. खेळाबरोबर शिक्षण, नाती, छंदही जोपासा हे ठीकच, पण तीही कमावलेलीच असतात आणि गमावता येतात. गमावता न येणारे असे काही माणसाला हवे असते, आणि श्रद्धेचा दावा त्याविषयी आहे. हा दावा सिद्ध करून दाखवता येत नाही. तो जगूनच पाहावा लागतो.

अशी ओळख मिळवण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हे कवी नारायण वामन टिळकांनी दाखवून ठेवले आहे. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या, संतांच्या वाटेने केली. शिराळ्याच्या ख्रिस्ती पैलवानालाही लाल माती, वस्ताद, जत्रेचे मैदान आणि गावची भाषा सोडून परक्या थाटाचा विश्वास घ्यायचे कारण नाही. मुलींच्या बाबतीत तर जुनी कुचराईच भरून काढायची आहे. ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही असे पौल गलतीकरांस लिहितो. मग कबड्डी खेळणाऱ्या मुलीच्या सरावाला मंडळीतूनच नाके मुरडली जाऊ नयेत.

ख्रिस्ती आईवडिलांनी, पाळकांनी आणि संडे स्कूलच्या शिक्षकांनी यात करण्यासारखे बरेच आहे. पदक आणलेल्या मुलाचा सत्कार उपासनेनंतर होतोच. ज्याचा गुडघा प्लास्टरमध्ये आहे किंवा ज्याचे नाव यादीत आले नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जावे, त्याच्याशी खेळाखेरीज इतर गोष्टी बोलाव्यात, आणि पुढच्या रविवारी मंडळीत त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी.